शहरातील हवा आणि आपली आवकवही

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी मजकडे लेख मागितला, तेव्हा बाजारभाव, मालाची साठवण अथवा करपद्धती ह्यांपैकी एखाद्या विषयावर मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेली तीन वर्षे माझ्या मनात एक निराळाच विषय घोळत आहे, आणि तो आपल्या धंद्याच्या अगदी उंबऱ्याशी येऊन ठेपलेला आहे. शहरात राहणाऱ्या माणसाच्या प्रकृतीला भोवतालच्या हवापाण्यापासून जो अपाय होतो तो ओळखावा कसा आणि त्याचे माप घ्यावे कसे, हा तो विषय. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि चाळीस वर्षे इंदूरच्या मंडीत धान्याचा ठोक व्यापार केलेला माणूस आहे. तरीही ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो, ते अशासाठी की ह्या शास्त्रातील निम्मे काम हिशेबाचे आहे, आणि हिशेब आपल्याला परका नाही.

शहराची हवा बिघडली असे कोणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारींचा धूर, कारखान्यांची धुराडी आणि जळणारा कचरा उभा राहतो. ह्या गोष्टी निर्दोष आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जो डोळ्यांना दिसतो तोच प्रत्येक वेळी अपराधी असतो असे मात्र नाही. स्पेन देशातील बार्सिलोना ह्या बंदराच्या शहरात ह्याचा मोठा विलक्षण प्रत्यय आला. तेथे ज्याच्यावर कोणाचाही संशय नव्हता असा अपराधी अखेर सापडला, आणि तो निघाला सोयाबीन. माळव्यातील आपणां व्यापाऱ्यांच्या अर्ध्याअधिक हंगामाचा जो आधार, तेच हे धान्य. म्हणून ती हकीकत जरा विस्ताराने सांगतो.

१९८१ सालापासून बार्सिलोनाच्या मोठ्या रुग्णालयांतील तातडीच्या विभागांना एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. एरवी दम्याचे रुग्ण दिवसभरात थोडेथोडे येत असत. परंतु मधूनच एखादा दिवस असा उगवे की, काही तासांच्या अवधीत गुदमरलेल्या माणसांची रीघ लागे. ही माणसे बहुतेक प्रौढ वयाची. लहान मुले त्यांत जवळजवळ नसत. झटका इतका अकस्मात आणि इतका तीव्र असे की, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागे. काही माणसे दगावलीही. दुसऱ्या दिवशी पाहावे तो सारे पूर्ववत्. १९८७ पर्यंत असे २६ उद्रेक नोंदले गेले.

पहिला संशय साहजिकच शहरातील धुराकडे गेला. परंतु धूर तर रोजचाच. मग उद्रेक निवडक दिवशीच का? जोसेप मारिया आन्तो, जोर्दी सुन्येर आणि त्यांचे सहकारी ह्या संशोधकांनी रुग्णांना झटका कोठे आला ती ठिकाणे नकाशावर मांडली, तेव्हा ती बंदराच्या आसपास दाटलेली दिसली. बंदर म्हटले की तेथे नाना तऱ्हेचा माल येतो. त्यांतील नेमके काय दोषी, हे नकाशा सांगू शकत नव्हता.

आणि येथे त्या मंडळींनी जे केले, त्याला आपल्यापैकी कोणीही मुनीम मनापासून दाद देईल. त्यांनी दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक रुग्णालयाची, कोणत्या तारखेला दम्याचे किती रुग्ण आले ते सांगणारी. दुसरी बंदराची, कोणत्या तारखेला कोणते जहाज लागले आणि कोणता माल उतरला ते सांगणारी. बंदराची ती नोंद कोणाच्या आरोग्यासाठी ठेवलेली नव्हती. आपली आवकवही आपण ज्या कारणाने लिहितो त्याच कारणाने ती लिहिली गेली होती. रुग्णालयाच्या वहीत मालाचा उल्लेख नव्हता आणि बंदराच्या वहीत माणसांचा. एकेकटी वही कितीही वाचली तरी मुकी; दोन्ही जुळविल्या तेव्हा बोलू लागल्या. १९८५ आणि १९८६ ह्या दोन वर्षांत उद्रेकाचे दिवस होते १३. बंदरात उतरणाऱ्या २६ प्रकारच्या मालांचा ताळा त्यांच्याशी घेतला, तो तेराही दिवशी सोयाबीन उतरलेले होते. (उद्रेक २६ आणि मालही २६, हा निव्वळ योगायोग.)

परंतु त्या यादीत आणखी एका मालाचा संबंध उद्रेकांशी दिसत होता, तो म्हणजे गहू. हा भाग मला सर्वांत अधिक उद्बोधक वाटला. समजा, आपल्या दुकानी दोन नोकर आहेत आणि गल्ल्यात वारंवार तूट येते. तूट आली त्या दिवशी बहुधा दोघेही हजर होते. केवळ हजेरी पाहिली तर आळ दोघांवर येईल. शहाणा मालक असे करीत नाही. पहिला नोकर होता पण दुसरा नव्हता असे दिवस तो वेगळे काढतो. दुसरा होता पण पहिला नव्हता असे दिवसही वेगळे काढतो. मग पाहतो की तूट कोणाच्या मागे जाते. संशोधकांनी नेमके हेच केले. सोयाबीनचा हिशेब बाजूला काढल्यावर गव्हाविरुद्धचा पुरावा टिकला नाही. सोयाबीन न उतरता नुसता गहू उतरला अशा दिवशी उद्रेक एकही नव्हता. गव्हाचा दोष एवढाच की तो वाईट सोबतीत सापडला होता. शहरातील कित्येक रोगांच्या बाबतीत आपण असेच गव्हाला दोष देत बसलो नसू ना, असा विचार तेव्हापासून मला सतावतो.

ह्यावर कोणी चतुर माणूस विचारील की, सोयाबीन तर ह्याहून कितीतरी अधिक दिवस उतरत असले पाहिजे. मग इतर दिवशी काही का झाले नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वाऱ्यात सापडले. उद्रेकाच्या प्रत्येक दिवशी हवेचा दाब अधिक होता, आणि दक्षिणेच्या अंगाने, म्हणजे बंदराकडून वस्तीकडे, मंद वारा वाहत होता. वारा जोराचा असता तर धूळ विखरून विरळ झाली असती. उलट दिशेचा असता तर समुद्रावर गेली असती. अशा स्तब्ध हवेत धूळ वर न जाता जमिनीलगतच रेंगाळते. माळव्यातील पौषाच्या पहाटे चुलींचा व शेकोट्यांचा धूर छपरांच्या उंचीवर चादरीसारखा पसरून राहिलेला आपण पाहतो; तेथे वरची हवा ऊन आणि खालची थंड असल्यामुळे धुराला वर जाण्याची वाट मिळत नाही. मालात दोष असणे ही एक गोष्ट, तो दोष माणसाच्या श्वासापर्यंत पोहोचणे ही दुसरी, आणि तो कोणाच्या श्वासात किती व किती वेळ गेला ही तिसरी. पोत्यात बंद असलेले हजार क्विंटल सोयाबीन कोणाचा श्वास कोंडीत नाही. अपायाचे माप घ्यावयाचे तर ह्या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात. पहिलीवरच थांबणारा माणूस एक तर विनाकारण घाबरतो, नाही तर विनाकारण निर्धास्त राहतो.

एवढ्यावरही संशोधक थांबले नाहीत. वह्यांचा ताळा जुळणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. शहरातील हवा गाळून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तो सोयाबीनच्या पिठूळ भागाचे कण आणि टरफलाच्या पेशी त्यांत सापडल्या. बंदरावर जाऊन पाहिले, तो ज्या कोठारांत यंत्राने सोयाबीन भरले जाई त्यांपैकी एकाच्या माथ्यावर धूळ अडविणाऱ्या कापडी पिशव्यांच्या गाळण्याच नव्हत्या. मग रुग्णांचे रक्त तपासले. उद्रेकाच्या दिवशी आजारी पडलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसांच्या रक्तात सोयाबीनविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्ये आढळली. एरवीच्या दमेकऱ्यांत हे प्रमाण शेकडा पाचाच्याही आत होते. सोयाबीनच्या टरफलात काही विशिष्ट प्रथिने असतात. ती श्वासावाटे वारंवार आत गेली की काही माणसांचे शरीर त्यांना शत्रू समजू लागते, आणि पुढे कधी थोडीशी जरी धूळ आत गेली तरी श्वासनलिका आवळल्या जातात. हा सारा मामला नाकावाटे आत जाणाऱ्या धुळीचा होता, ताटातल्या सोयाबीनचा नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. नाही तर आमच्या घरी झाले तसे, स्वयंपाकघरातून सोयाबीनची वडीच हद्दपार व्हावयाची!

हे संशोधन १९८९ साली प्रसिद्ध झाले. तत्पूर्वीच, १९८७ मध्ये, कोठाराच्या माथ्यावर गाळण्या बसविल्या गेल्या, आणि त्यानंतर उद्रेकांची ती मालिका थांबली. पुराव्याची शेवटची कडी हीच : कारण काढून घेतले की कार्यही नाहीसे व्हावयास हवे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, त्यासाठी सोयाबीनचा व्यापार बंद करावा लागला नाही. कोठाराच्या तोंडाला कापड बांधावे लागले, इतकेच.

बार्सिलोनाची गोष्ट एकाकी नाही. स्पेनमधीलच कार्ताहेना ह्या बंदरातही असाच प्रकार उघडकीस आला. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात दम्याचे असे उद्रेक पूर्वी फार गाजले होते आणि त्यांचा ठपका निरनिराळ्या गोष्टींवर ठेवला गेला होता. बार्सिलोनाच्या अनुभवानंतर १९५७ ते १९६८ ह्या काळातील तेथल्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सोयाबीनच्या जहाजांशी त्यांचा संबंध दिसून आला. तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या वह्या कोणी जपून ठेवल्या म्हणून हे कळले! त्याहूनही आधी, १९२८ साली, अमेरिकेतीलच टोलीडो शहरी फिगली आणि एलरॉड ह्या दोन डॉक्टरांनी असे दाखवून दिले होते की, एरंडीच्या तेलाच्या गिरणीतून उडणाऱ्या धुळीने आसपासच्या वस्तीत दमा उद्भवतो. एरंडी आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलोपार्जित व्यवहाराचा माल. आणि धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांच्या छातीच्या विकारांविषयी तर इटलीतील रामात्झिनी ह्या वैद्याने १७०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहून ठेवले आहे. सव्वातीनशे वर्षांपूर्वी जे लिहिले गेले, ते माझ्या कानी पडावयास माझी साठी उलटावी लागली.

आता कोणी म्हणेल की, हल्ली चौकाचौकांत हवेची प्रत दाखविणारे फलक लागले आहेत. मग ह्या जुन्या वह्यांचे काय प्रयोजन? फलक उपयोगी आहेत ह्यात शंका नाही. आपल्या देशात २०१५ पासून आठ प्रदूषकांवरून हवेचा एक निर्देशांक काढला जातो. त्यांपैकी धुळीचे जे अतिसूक्ष्म कण, ज्यांचा व्यास अडीच मायक्रॉनपेक्षा कमी असतो, त्यांच्यासाठी २००९ च्या भारतीय मानकाप्रमाणे एका घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीने ४० ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीची मर्यादा अवघ्या ५ वर आणली. परंतु ह्या मापाने धुळीचे वजन कळते, कूळ कळत नाही. मातीची धूळ, धुराची काजळी आणि सोयाबीनचे टरफल ह्या काट्यावर सारखेच तोलले जातात. शिवाय सरासरी चोवीस तासांची आणि उपद्रव सकाळच्या तीन तासांचा असेल, तर तो त्या सरासरीत बुडून जातो. चौकातील फलकाला आपल्या गल्लीची खिडकी दिसत नाही. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आमच्या इंदूरने २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळविला, ह्याचा मलाही सार्थ अभिमान आहे. पण रस्ता झाडणे आणि हवा झाडणे ही दोन वेगळी कामे आहेत.

येथवर परदेशाच्या गोष्टी झाल्या. आता स्वतःची सांगतो, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो.

आमचे गोदाम जुन्या दाट वस्तीतील एका गल्लीत आहे. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक सुरू झाली की, तेथे माल चाळण्याचे यंत्र सकाळी सात वाजल्यापासून चाले. आत कोंदट होऊ नये म्हणून मागल्या भिंतीत एक मोठा पंखा बसविलेला होता. तो सारी धूळ गल्लीत फेकी. समोरच्या माडीवर एक वृद्ध बाई राहात असत. सारी गल्ली त्यांना आजी म्हणे. चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा मजकडे आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, आईला रात्री दम लागतो. मागची खिडकी जरा बंद ठेवता येईल का?" मी त्याला उत्तर दिले, "अरे, ही काही कारखान्याची धूळ नव्हे. धान्य आहे ते, अन्न आहे. अन्नाच्या धुळीने कोणाचे कधी वाईट झाले आहे का?" मी हे कपटाने बोललो नाही, माझा तसा खराच समज होता. तो मुलगा पुन्हा आला नाही.

त्याच हिवाळ्यात आमच्याकडे बावीस वर्षे असलेला एक हमाल वरचेवर आजारी पडू लागला. त्याला घेऊन मी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला तपासले, औषध लिहून दिले आणि मग मला एकच प्रश्न केला : "ह्याला त्रास कोणत्या दिवशी होतो?" मला सांगता येईना. चाळीस वर्षांत कोणत्या दिवशी कोणता माल किती आला हे मी बिनचूक सांगू शकलो असतो. पण माणूस कोणत्या दिवशी आजारी पडला, हे माहीत नव्हते. बार्सिलोनाची हकीकत मला प्रथम त्या डॉक्टरांनीच ऐकविली. पुढे माझ्या धाकट्या मुलीने तीविषयी मूळ लेख मिळवून मला समजावून दिले.

घरी येऊन मी मुनीमजींना हमालांचा हजेरीपट आणि आवकवही घेऊन बसविले. त्या हंगामातील कामाचे दिवस धरले ९०. त्यांपैकी सोयाबीन चाळले गेले ते ३२ दिवस. तो हमाल गैरहजर राहिला अथवा लवकर घरी गेला असे दिवस निघाले ११. आणि त्यांतील ९ दिवस सोयाबीन चाळल्याच्या त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी पडत होते. उरलेले दोन दिवाळीतले, म्हणजे फटाक्यांच्या धुराचे असावेत. मुनीमजी चष्मा काढून नुसते बसून राहिले.

ह्यावरून काही सिद्ध झाले असा माझा दावा नाही. एक माणूस आणि एक हंगाम, एवढ्या भांडवलावर कोणी अनुमानाचा वाडा बांधू नये. शिवाय सोयाबीनच्या दिवशी ओझीही अधिक उचलावी लागत. दम धुळीने लागला की श्रमाने, हे कसे ठरवावे? पुन्हा तोच दोन नोकरांचा पेच. हरभऱ्याच्या दिवशीही ओझी कमी नसत आणि तेव्हा त्याला त्रास झालेला दिसत नाही, एवढाच काय तो आधार. परंतु व्यापारात आपण ह्याहून कमी पुराव्यावर एखाद्याला माल उधार देणे थांबवितो. येथे तर उपाय साधा होता.

यंत्रावर पत्र्याचे झाकण केले, धूळ ओढून घेणारी नळी बसविली आणि तिच्या टोकाला जाड कापडी पिशव्यांची गाळणी लावली. मागल्या भिंतीतील पंखा काढून ती जागा विटांनी बुजविली. खर्च झाला, पण दर हंगामाला नव्या बारदान्यावर आपण जे घालवितो त्यापुढे तो मोठा नव्हता. एक सूचना मात्र अनुभवाने करतो : पिशव्या झटकून साफ ठेवल्या नाहीत तर त्या तुंबतात आणि धूळ पुन्हा फटींतून बाहेर येते. पहिल्या महिन्यात आमचे तेच झाले. गोदाम झाडताना केरसुणीने धूळ उडविण्याऐवजी ओढून घेणारे यंत्र वापरावे, हेही त्याच वेळी शिकलो. तोंडाला फडके बांधण्याची जुनी चाल आहे. पण बारीक कण साध्या फडक्यातून सहज आत जातात. हमालांना औषधी दुकानात मिळणारे, घट्ट बसणारे मुखवटे दिले आहेत. ते काम करताना नकोसे होतात, हे खरे. म्हणूनच धूळ जेथे निघते तेथेच ती पकडणे अधिक चांगले.

त्या हमालास मी तोलाईच्या कामावर घेतले. पुढच्या हंगामात त्याच्या गैरहजेऱ्या पुष्कळ कमी झाल्या. गाळणीने कमी झाल्या की काम बदलल्याने, हे मी सांगू शकत नाही, कारण दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी केल्या. संशोधक असतो तर ही चूक ठरली असती. मालक म्हणून मला थांबणे शक्य नव्हते.

आजी तोवर देवासला आपल्या मुलीकडे राहावयास गेल्या होत्या. मी त्यांना भेटावयास गेलो. त्यांचा दमा धुळीनेच वाढला होता की वयोमानाने, हे आता कोणी सांगू शकत नाही, आणि त्यांनीही तसे काही म्हटले नाही. चहा झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "आता बंद असते का रे ती खिडकी?"

आपल्या सभासदांपैकी ज्यांची गोदामे वस्तीत आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. आवकवही तर आपण लिहितोच. तिच्या शेजारी हजेरीपटात केवळ 'गैरहजर' न लिहिता 'खोकला', 'दम', 'ताप' असे एक अक्षर अधिक लिहावे. एका दुकानाच्या नोंदीने काही होत नाही. गल्लीतील दहा दुकानांच्या दोन हंगामांच्या नोंदी एकत्र केल्या, आणि जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी रुग्णांची नावे न देता दम्याच्या नुसत्या तारखा दिल्या, तर वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांपुढे ठेवण्याजोगे काही तरी हाती लागेल. आपल्या धंद्यावर बालंट येईल म्हणून काही बंधूंना ही कल्पना रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु ह्या वह्या अपराध्याचे नाव सांगतात तशा निरपराध्याची सुटकाही करतात. बार्सिलोनात गव्हाची झाली तशी.

आमच्या दुकानी गेल्या दसऱ्यापासून आवकवहीत एक रकाना वाढविला आहे. मुनीमजी सकाळी गादीवर बसण्यापूर्वी गल्लीच्या तोंडाशी जाऊन येतात आणि त्यात वारा कोणीकडून आहे ते लिहितात.